पहिलं ‘नको’ धरायचं नसतं

आमच्या मंडळात अध्यक्ष कसा निवडला जायचा, ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय काकूंचं काय झालं ते कळायचं नाही.

कॉव्हेंट्रीच्या जवळच्या एका लहान गावात आमची मूठभर मराठी घरं होती. निम्मी जुनी, म्हणजे कारखान्यांत नोकरी करायला सत्तर सालच्या आसपास आलेली, आणि निम्मी आमच्यासारखी, दोन हजार सालानंतर वर्क परमिट आणि लॅपटॉपची बॅग घेऊन उतरलेली. संक्रांतीचं हळदीकुंकू कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कम्युनिटी हॉलमध्ये व्हायचं आणि ते उरकलं की तिथेच वार्षिक सभा. बायका तिळाच्या वड्यांचे तुकडे झाडत असायच्या, पुरुष खुर्च्या ओढून बसायचे. कोणीतरी म्हणायचं, ‘यंदाही तुम्हीच.’ अध्यक्ष म्हणजे एक रिटायर्ड इंजिनिअर. ते छातीवर हात ठेवायचे. ‘नको हो, आता नव्या लोकांनी पुढे यावं.’ मग सगळे थोडा वेळ गप्प. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं. लगेच आग्रह केला तर तो वरवरचा वाटतो. मग दुसरा आग्रह. त्यावर ते तब्येतीचं काढायचे. मग तिसऱ्या वेळी सगळे एका सुरात, आणि ते मोठा उसासा टाकून म्हणायचे, ‘तुम्ही म्हणताच आहात तर...’ टाळ्या, चहा, सभा संपली.

त्यांचं पहिलं ‘नको’ कोणी खरं मानलं असतं तर माणसाने अंथरूण धरलं असतं.

मंडळ प्रत्यक्षात चालवायच्या काकू. काकू माझ्या कोणी नात्यातल्या नव्हेत, सगळ्यांच्याच काकू. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, चालताना पुढे झुकून चालणाऱ्या. एका प्रायमरी स्कूलच्या किचनच्या त्या मॅनेजर होत्या आणि हाताखालच्या धिप्पाड इंग्लिश बायका त्यांना चळचळा कापायच्या. हॉलची किल्ली काकूंच्या पर्समध्ये, मोठी पातेली काकूंच्या गॅरेजमध्ये, आणि कोणाचं कोणाशी सध्या वाजलंय, म्हणजे पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे काकूंच्या डोक्यात. कमिटीत पुरुष ठरवायचे हे खरं, पण काकूंना विचारून. एकदा संक्रांतीला बर्फ पडला तर यांनी कोणाच्या गाडीला चांगले टायर आहेत ते आठवून आठवून माणसं आणवली. अध्यक्ष त्या दिवशी घरून फोनवर शुभेच्छा देत होते.

काकूंच्या मनात एक गोष्ट होती. जुन्या घरांमधल्या म्हाताऱ्या बायका आता एकट्या पडल्या होत्या. नवरे गेलेले, मुलं लंडनला नाहीतर कॅनडाला. काकूंना त्यांच्यासाठी दर बुधवारी हॉलमध्ये गरम जेवण सुरू करायचं होतं. हॉलचं किचन त्या दिवशी रिकामंच असायचं. फक्त मंडळाच्या अध्यक्षाने कौन्सिलकडे तसं मागायला हवं होतं. इंजिनिअर अध्यक्षांना त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. ते म्हणायचे, ‘बघू.’ काकूंना ‘बघू’ या शब्दाची चीड होती.

त्या वर्षी आम्ही चारजणींनी किचनमध्ये भांडी पुसता पुसता ठरवलं, अध्यक्ष काकूच. नाव मी सुचवायचं. काकू समोरच गाजर किसत होत्या, त्यांचा किसायचा वेग वाढला. सभेच्या दिवशी त्या लग्नकार्याची नारायणपेठ नेसून आल्या. काकांनी मला नंतर सांगितलं की गाडीत त्यांनी भाषण पूर्ण म्हणून दाखवलं होतं, आणि ‘प्रथम सर्वांचे आभार’ म्हणताना त्यांचा आवाज घोगरा झाला होता. इतकं त्यांना हवं होतं.

आता यात एक घोळ झाला. मंडळ नुकतंच चॅरिटी म्हणून रजिस्टर झालं होतं आणि निवडणूक रीतसर व्हावी म्हणून बाहेरचा माणूस बोलवायचं ठरलं. स्वयंसेवी कामात मुरलेले एक इंग्लिश गृहस्थ आले. टाय, चष्मा, अत्यंत सभ्य. आल्या आल्या कोणीतरी त्यांना तिळाची वडी दिली, ती दाढेत अडकली, आणि बिचारे पुढचा अर्धा तास गालातल्या गालात जीभ फिरवत काम करत होते.

मी उठून काकूंचं नाव सुचवलं. एका मैत्रिणीने अनुमोदन दिलं. गृहस्थ काकूंकडे वळून हसले. ‘वुड यू बी विलिंग टु स्टँड?’

काकूंचे कान लाल झाले. छातीवर हात गेला. ‘ओह नो, नो, नॉट मी! इतकी यंग माणसं आहेत, लेट देम डू इट!’

सगळी सभा गप्प झाली. जशी व्हायला हवी तशीच. मी मनात थांबण्याचा वेळ मोजत होते, पुढच्या आग्रहासाठी तोंडही उघडलं होतं.

‘दॅट्स अ शेम,’ गृहस्थ मनापासून म्हणाले आणि कागदावर नाव खोडलं. ‘एनी अदर नॉमिनेशन्स?’

मागून कोणीतरी गंमत म्हणून एका तरुणाचं नाव घेतलं. हा जुन्या घरांपैकी एकाचा मुलगा, इथेच जन्मलेला, अकाउंटंट, तिशीचा. त्याने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘येस, हॅपी टु. थँक यू.’

संपलं. इतकी वर्षं जे नाटक तीन अंकी चालायचं ते याने एका वाक्यात गुंडाळलं. मी तशीच तोंड उघडं ठेवून उभी. ‘थांबा, त्यांना हवंय’ असं ओरडावं असं फार वाटलं, पण ते चारचौघांत कसं म्हणणार? म्हणजे काकू खोटं बोलल्या असं होणार, आणि वर अध्यक्षपदासाठी हपापल्या आहेत असंही. काकू टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यांत जोरात त्याच वाजवत होत्या. मग त्या किचनमध्ये गेल्या आणि स्वच्छ धुतलेली पातेली पुन्हा घासायला घेतली.

मला तिथे रडू आलं, आणि त्याला आणखी एक कारण होतं. त्याच्या आदल्या महिन्यात ऑफिसात माझ्या साहेबाने मला विचारलं होतं, टीम लीड व्हायला आवडेल का? नागपूरच्या घरात वाढलेली मी. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना त्याचा हात पानावर आडवा आला तरी पोळी त्या हातावर ठेवतात. मी म्हटलं, ‘आय अ‍ॅम नॉट शुअर आय अ‍ॅम रेडी.’ आता याने म्हणावं, ‘छे छे, तुझ्याइतकं कोण रेडी आहे!’ तो म्हणाला, ‘फेअर इनफ, थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट,’ आणि सोमवारी ती जागा माझ्यानंतर वर्षाने आलेल्या माणसाला दिली. वर मला एक कॉफी आणून दिली. मी लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन रडले आणि कॉफी बेसिनमध्ये ओतली.

नवे अध्यक्ष वाईट नव्हते हो. तीच तर पंचाईत. त्याच्या आईने घरी सगळं समजावून सांगितल्यावर तो घाबरून रविवारी सकाळीच काकूंच्या घरी हजर झाला. मी तिथे पातेली परत द्यायला गेले होते.

‘काकू, आय फील टेरिबल. माझा आई म्हणाली की तुम्हाला पाहिजे होता. मी रिझाइन करतो. तुम्ही घ्या ना, प्लीज.’

काकूंनी त्याच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली. ‘छे रे, नको. तूच राहा. शिकलेला आहेस, चांगला करशील.’

त्याने सुटकेचा श्वास सोडला. ‘ओह, थँक गॉड. आर यू शुअर? ओके, देन.’ चिवडा संपवून तो आनंदाने गेला. दार लागल्यावर काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘बघ, दुसऱ्यांदा विचारलंन का?’

मी म्हटलं, ‘काकू, त्याने आर यू शुअर विचारलं की.’

‘ते दाराकडे जाता जाता. त्याला विचारणं म्हणतात होय?’

पोरगा कामाला मात्र वाघ होता. ‘बघू’ वगैरे नाही. आठवड्याभरात त्याने कौन्सिलला बुधवारच्या जेवणाबद्दल लिहिलं. कौन्सिलनेही रीतसर काम केलं. तिथल्या एका मुलीने आमच्याकडून नंबर घेतले आणि प्रत्येक आजीला फोन करून विचारलं, तुम्हाला असं जेवण हवंय का?

त्यातला एक फोन माझ्यासमोर आला. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक आजी राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, आवाज खणखणीत. मुलगा टोरांटोला. मी शनिवारी त्यांच्याकडे मेथी निवडायला जायची, खरं तर गप्पा मारायला. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मधल्या वारी गेले होते. ओट्यावर एक ताटली, तिच्यात चहात बुडवून खाल्लेल्या बिस्किटांचा चुरा. जेवण तेवढंच. ‘एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो गं,’ त्या म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला.

‘येस... येस, स्पीकिंग... लंच? ओह, नो, नो, डियर. आय अ‍ॅम फाइन. माय सन लुक्स आफ्टर मी. व्हेरी काइंड ऑफ यू. गिव्ह टु समबडी हू नीड्स.’

फोन ठेवून त्या खूश होऊन माझ्याकडे वळल्या. ‘कौन्सिलची मुलगी. बुधवारचं जेवण म्हणे. गोड बोलते.’

‘मग आजी, नाही का म्हणालात?’

‘अगं, पहिल्याच फोनला हो म्हणायचं? काय म्हणेल ती! म्हातारी जेवणाला टपूनच बसलीये म्हणेल.’ त्यांनी फोनची वायर सरळ केली. ‘करेल की परत.’

पुढच्या शनिवारी मी गेले तर फोन दाराजवळच्या टेबलावरून उचलून त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर आणून ठेवलेला होता. मला त्या मुलीचा राग आला, मग आपला आला, आणि मग कोणाचा येतोय तेच कळेना.

सगळ्याच आजींनी तेच उत्तर दिलं होतं. जणू ठरवून. कौन्सिलचं पत्र अध्यक्षांकडे आलं, की विचारणा केली असता तशी गरज आढळत नाही, आणि बुधवारी ते किचन एका व्यायामाच्या क्लबला सामान ठेवायला द्यायचा विचार आहे. मंडळाला काही म्हणायचं असल्यास कौन्सिलच्या कमिटीच्या बैठकीत येऊन म्हणावं.

अध्यक्ष गोंधळून पत्र घेऊन काकूंच्या किचनमध्ये आले, मीही तिथेच होते. ‘काकू, सगळे आजी नो म्हणाले. देन व्हॉट इज द प्रॉब्लेम? त्यांना नाही पाहिजे ना?’

काकूंनी कपाळाला हात लावला.

‘मीटिंगला तुम्ही बोलता का?’ त्याने विचारलं.

‘मी? नको रे बाबा, तूच बोल, तुझं इंग्लिश...’

मी तिथल्या तिथे हातातला डबा ओट्यावर आपटला. मला राग लवकर येतो, आणि आला की समोर कोण आहे ते दिसत नाही. ‘काकू, पुरे! अध्यक्षपद गेलं तुमचं या नकोपायी, आता किचन जाणार. त्या आजी तिकडे फोन उशाशी घेऊन बसल्यात आणि तुम्ही इकडे नको नको करताय! या देशात दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. हवंय ना तुम्हाला? हवंय की नको?’

काकूंशी असं कोणी बोलत नसे. त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. डोळे भरले. मग पदराने नाक पुसून अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ‘हवंय गं. फार हवंय. पण तोंडातून निघत नाही.’

‘मग काढायला शिकू,’ मी म्हटलं.

अध्यक्षांनी मान डोलावली. ‘सो... इट्स अ येस?’

बैठकीला जेमतेम तीन आठवडे होते. आम्ही काकूंच्या किचनमध्ये ‘हो’ म्हणायचे क्लास सुरू केले. नियम साधा, कोणी काहीही पुढे केलं तरी पहिल्या फटक्यात हो. आपल्याला वाटतं त्यात काय एवढं. करून बघा. ‘काकू, चहा?’ ‘नको, आत्ताच झा... हो.’ ‘काकू, बसा.’ ‘असू दे, मी बरी आ... हो.’ घशात माशाचा काटा अडकल्यासारखी त्यांची अवस्था. आम्ही हसून हसून लोळायचो आणि त्या चिडायच्या. ‘तुम्ही म्हणून दाखवा की!’ मग आमची परीक्षा. मैत्रिणीने माझ्यापुढे शेवटची बाकरवडी धरली आणि माझ्या तोंडून आपोआप ‘तू घे, तू घे’ निघालं. सगळ्याजणी नापास.

दुसऱ्या आठवड्यात काकूंची प्रगती जरा जास्तच झाली. दारावर खिडक्यांच्या काचा विकणारा माणूस आला. ‘डबल ग्लेझिंगचं एस्टिमेट देऊ का?’ त्याने विचारलं आणि काकू ‘येस!’ म्हणाल्या. तो दुपारभर घरभर टेप धरून फिरला, दोनदा चहा प्यायला, आणि काका वरच्या खोलीत दार लावून क्रिकेट बघत बसले. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. ‘तुमचा तो क्लास जरा हळू चालवा. नाहीतर ही घर विकून टाकेल.’

बैठक कौन्सिलच्या इमारतीत, संध्याकाळची. लांब टेबल, पाण्याचे जग, मागे आमच्यासाठी खुर्च्या. कमिटीच्या प्रमुख एक बाई होत्या. हाय स्ट्रीटवर त्यांचं रंगाचं आणि खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं, मी त्यांच्याकडून बल्ब घेत असे. करडे केस, नाकावर चष्मा, बोलणं कातरीसारखं. शेजारचे दोन पुरुष सभासद काही बोलायचं झालं की आधी त्यांच्याकडे बघायचे. काकूंनी त्यांना एकदा खालून वर न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, ‘ही बाई कामाची आहे.’ आमचे जुने अध्यक्षही आले होते, मागच्या रांगेत, मफलर गुंडाळून.

आधी आमच्या तरुण अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं आणि चटकन बाजूला झाले. काकू उठल्या. तीच नारायणपेठ, वर कार्डिगन. आधी पदर सारखा केला. मग त्यांनी कंबरेवर हात ठेवला, शाळेच्या किचनमध्ये ठेवतात तसा, आणि सुरुवात केली.

त्या आपल्या शाळेतल्या इंग्रजीत बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीने सगळ्यांना फोन केला, फार चांगलं केलं. चूक तिची नाही. पण तिने एकदाच विचारलं. आमच्याकडे पहिलं नको धरायचं नसतं. पहिलं नको म्हणजे, मी हावरट नाही. दुसरं नको म्हणजे, तू खरंच विचारतेयस का? तिसऱ्यांदा नको आलं तर ते नको. आमच्या या बायका लहानपणापासून असंच बोलत आल्या. त्यांच्या घरी दुसऱ्यांदा विचारणारं माणूस होतं, आता नाही. तुम्हाला ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणणाऱ्या एका बाईने फोन खुर्चीशेजारी आणून ठेवलाय, तुमच्या दुसऱ्या फोनसाठी. ती रोज दुपारी बिस्किटं जेवते.

इथे त्या थांबल्या. मला वाटलं संपलं. तर म्हणाल्या, ‘अँड आय अ‍ॅम द सेम. आय अ‍ॅम वर्स.’

प्रमुखबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, माझी आई अशीच होती. घराला आग लागली असती तरी अग्निशामकवाल्यांना आधी ‘तुम्हाला उगाच त्रास’ म्हणाली असती. शेजारचे दोघे हसले, मग त्यांच्याकडे बघून थांबले. बाईंनी पुन्हा चष्मा लावला आणि सूर एकदम बदलला. हे सगळं ठीक आहे, पण किचन म्हणजे गॅस, किल्ल्या, स्वच्छता. उद्या काही झालं तर मी कोणाला धरू? मंडळ वगैरे नको. ‘आय नीड वन पर्सन. टुनाइट. हू इज रनिंग धिस?’

खोलीत सगळे गप्प झाले. आमचं नेहमीचं गप्प बसणं. तरुण अध्यक्षांनी ओठ घट्ट मिटले होते, त्याच्या आईने त्याला तशी तंबीच दिली असावी. मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा उजवा हात छातीकडे निघाला. जीभ वरच्या दातांमागे टेकलेली मला स्पष्ट दिसली. आता ‘न’ येणार. मी चक्क डोळे मिटून घेतले.

‘मी,’ काकू म्हणाल्या. मराठीतच. मग इंग्रजीत, ‘मी. आय विल रन इट. हायजीन सर्टिफिकेट आय हॅव. किचन आय नो. अँड आय वॉन्ट टु.’

‘लव्हली,’ बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. सहा महिने चालवून बघा, मग बोलू.

मी रडायला लागले होते. मागून जुन्या अध्यक्षांचा आवाज आला. खरोखरच धक्का बसला होता त्यांना. ‘एकदाच विचारलं, आणि हो म्हणाल्या?’

जिन्यावर काकू एकेक पायरी बघत उतरत होत्या. मी हात धरला. त्या म्हणाल्या, ‘तोंड कोरडं पडलंय बघ.’ मी पाण्याची बाटली पुढे केली. त्या म्हणाल्या, ‘नको, तुला लागेल.’

माझं म्हणाल तर काही महिन्यांनी साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू...’ एवढंच तो म्हणाला आणि मी मोठ्याने ‘येस!’ म्हणून मोकळी झाले. ते ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीचं काम निघालं. मी तेही इतकं चोख केलं की पुढच्या वर्षी त्याने मला विचारलं नाही, सरळ टीम दिली. ती मी चालवली, चांगली चालवली.

जेवणाच्या पहिल्या बुधवारी मी रजा काढली. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि शिरा. काकूंनी सकाळपासून आम्हा सगळ्यांना धारेवर धरलं होतं. मीठ कमी, चमचे उलटे, खुर्च्या दाराच्या वाऱ्यात. बारा वाजले तशा एकेक आजी यायला लागल्या. कोणाला मुलीने सोडलं, कोणी बसने. प्रत्येकीने दारात ‘मी नुसती बघायला आले’ म्हटलं आणि आत येऊन बसली. खिडकीजवळची एक खुर्ची मात्र रिकामी राहिली. कोपऱ्यावरच्या आजी आल्या नव्हत्या. काकूंनी आदल्या दिवशी फोन केला होता तेव्हा त्या ‘बघते’ म्हणाल्या होत्या.

‘वाढायचं का?’ मैत्रिणीने विचारलं.

काकूंनी एप्रन काढून खुर्चीवर टाकला. ‘तू वाढ. आणि तू गाडी काढ,’ त्यांनी मला सांगितलं.

आम्ही गेलो. बाहेर बोचरं वारं होतं. काकूंनी बेल वाजवली, आणि बोट बटणावरून उचलायच्या आत दार उघडलं. आजी दारामागेच उभ्या होत्या. कोटाची सगळी बटणं लावलेली, गळ्याशी पिन, डोक्याला स्कार्फ, दंडावर पर्स, पायात बाहेरचे बूट, आणि तेही घरातल्या कार्पेटवर, जिथे त्या मला बूट काढल्याशिवाय पाऊल टाकू देत नसत.

‘अगं, नको गं,’ आजी म्हणाल्या. ‘माझ्यासाठी कशाला मुद्दाम?’

काकूंनी त्यांच्या कोटाकडे बघितलं नाही, बुटांकडे बघितलं नाही. ‘आजी, चला ना. पानं मांडलीत.’

‘नको. घरात आहे थोडंसं. दूधपोळी खाईन.’

काकू गप्प उभ्या राहिल्या. वाऱ्याने त्यांचा पदर उडत होता, तिकडे भात निवत होता, गाडीचं इंजिन मी चालूच ठेवलं होतं. कधी नव्हे ते मलाही घाई करावीशी वाटली नाही. तेवढा वेळ द्यायचाच असतो. मग काकू अगदी हळू, जणू काही आत्ताच पहिल्यांदा सुचलं असावं अशा आवाजात म्हणाल्या, ‘आजी, तुमच्याशिवाय मी वाढायला सुरुवात केली नाहीये.’

हे साफ खोटं होतं.

‘तू म्हणतेच आहेस तर,’ आजी म्हणाल्या, आणि कुलूप लावायला वळल्या. किल्ली शोधावी लागली नाही. ती त्यांनी केव्हापासून मुठीत धरली होती.